तळाची वाटी

९ जानेवारी

चिमणे,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता कपाटावर टाकणार, हे मला ठाऊक आहे. म्हणून पत्र वाटीलाच गुंडाळलं आहे. वाटी बघायची तर कागद उलगडावा लागेल, आणि उलगडलास की दोन ओळी डोळ्यांखालून जातीलच. ताई अजून तेवढी हुशार आहे.

मुलगी झाली म्हणे. ऑक्टोबरात झाली आणि मला जानेवारीत कळतंय! मावशीच्या तोंडून तेही चुकून निसटलं. "तिला आता दोन मुलांमागे धावायचंय," असं म्हणाली आणि लगेच जीभ चावली. तुझा नंबर मागितला तर, "मी तिला शब्द दिलाय. तुम्हा दोघींच्या भांडणात मी पडणार नाही. काय लिहायचं ते लिही, मी माझ्या पाकिटातून पुढे पाठवते, आत डोकावणारसुद्धा नाही." मी पाया पडायची तेवढी बाकी राहिले. बाई ढिम्म हलली नाही.

तर ही वाटी. परवाच्या ओतातली, तळाची. बाबांचा नियम मी मोडलेला नाही. दिवसभर धातू वितळवायच्या मुशीतून वरवरचं ओतायचं ते गिऱ्हाइकाचं, आणि शेवटी तळाला उरतं ते घरचं. घरात मूल आलं की त्या तळातून त्याची वाटी. तुझा थोरला झाला तेव्हा त्याची केली, आता हिची. वजन बघ हातात घेऊन, बाजारच्या वाट्यांसारखी फुंकर मारली की उडेल अशी नाही. भोळ्याने दोन दिवस वाळूने घासली. आपला भाऊ बेचाळीस वर्षांचा झाला, दहाच्या पुढे मोजताना अजून अडखळतो, पण घासकामात त्याचा हात धरणारा कोणी नाही. "चिमणीच्या पोरीची आहे," असं येईल त्याला सांगत होता.

त्या दिवशी मी तुला जे बोलले त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज नको, आज आनंदाचं निमित्त आहे.

इथली बातमी म्हणजे एक मोठी कंपनी आपल्या गल्लीत शिरली आहे. भांड्याच्या बुडाला गोल फिरणाऱ्या बाणांचा शिक्का मारून विकणार. जुन्याचं नवं, ते जुनं झालं की पुन्हा नवं. साहेब तासभर चित्रं दाखवून समजावत होते. मी म्हटलं, "साहेब, हे आम्ही पन्नास वर्षं करतोय, फक्त आम्हाला बाण काढता येत नव्हते." सगळे हसले. आम्ही त्यांना चक्रवाले म्हणतो.

बाळाला ताईचा पापा. थोरल्याला दोन.

ताई

२ फेब्रुवारी

चिमणे,

उत्तर आलं नाही. मावशी म्हणते खोका पोचला, सही झाली. चल, पोचला हे काय कमी आहे.

इथे गंमत चालली आहे. चक्रवाल्यांनी ओतशाळेवर नवं छप्पर घातलं, धूर वर खेचणारा पंखा बसवला, आणि आम्हाला कोपरापर्यंत हातमोजे दिले. भोळा ते घालूनच जेवायला बसला. गल्लीच्या टोकाला पाळणाघर निघालं आहे. माझ्याबरोबर भंगाराच्या ढिगावर बसून तारा सोलणाऱ्या बायका आठवतात ना? त्यांच्या नाती आता तिथे रंगीत ठोकळे रचतात आणि मोठ्या मुली संध्याकाळी वर्गात बसतात. परवा एकीने मला फळ्यावर माझं नाव लिहून दाखवलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. भंगारावर आपलं पोट भरलं, पण भंगाराने पोरी शिकतील असं बाबांनाही कधी वाटलं नसतं.

तसं म्हटलं तर तू शिकलीसच की. आपल्या तिघांत एकटी तू. मी पाचवीत गटांगळ्या खाल्ल्या, भोळ्याने दुसरी तीनदा काढली, आणि तू मात्र पहिला नंबर सोडलाच नाहीस. बाबा म्हणायचे, आमची बुद्धी उरून उरून शेवटी हिच्यात साचली. आणि तुझं एकच रडगाणं, "ताईला वाटी आहे, भोळ्याला आहे, मलाच का नाही?" तू झालीस तेव्हा बाबांचा पाय भाजला होता आणि भट्टी दीड वर्षं थंड होती. आईने तुला काचेच्या वाटीत भरवलं. भट्टी पेटली तेव्हा तू ताटात जेवायला लागली होतीस, मग राहूनच गेलं. तू मात्र ते विसरली नाहीस. थोरला झाल्यावर दवाखान्यातून घरी येण्याआधीच तू फोन केलास, "ताई, माझ्या पोराला वाटी हवीच." नाकावर राग घेऊन फिरणारी माझी चिमणी, वाटीसाठी चार वर्षांच्या मुलीसारखी हट्ट करत होती.

काम भयंकर वाढलं आहे. नोव्हेंबरपासून मोटारींच्या ॲल्युमिनियमच्या रीम येताहेत, डोंगरच्या डोंगर. रीमच्या कडेला चाकाचा तोल सांभाळायला शिशाचे बोटाएवढे तुकडे ठोकलेले असतात. ते पक्कडीने उपटून काढायचे हे भोळ्याचं काम. पण एवढ्या रीम एकट्याने कुठवर करायच्या? दिवस मावळेपर्यंत त्याची बोटं सुजायची. मी म्हटलं, राहू दे, जातील तशाच. बाबाही घाईच्या वेळी तेच करायचे. जरा शिसं असलं की धातू साच्यात मऊ उतरतो म्हणायचे, आणि खरंच उतरतो.

पुढच्या आठवड्यात चक्रवाल्यांची तपासनीस बाई येणार आहे. भांडी तपासेल आणि शिक्का देईल. भोळ्याने अंगण झाडायला आजपासूनच सुरुवात केली आहे.

बाळ पालथं पडायला लागलं का? एवढं एक वाक्य लिहिलंस तरी चालेल.

ताई

२४ फेब्रुवारी

चिमणे,

घाईत लिहितेय. ती वाटी परत पाठव. त्या दिवशीच्या साच्यात हवा राहिली होती, असं आता लक्षात आलं. वाटीला बारीक तडा असणार, डोळ्यांना दिसायचा नाही. तडा गेलेल्या भांड्यात बाळाला भरवू नये. दुसरी करून देते. थोरल्याचीही पाठव, तीही जुनी झाली असेल.

तपासनीस बाई येऊन गेली. सगळं ठीक झालं.

थोरला आता बोलतो का ग? शाळेत एका जागी बसतो का? त्याचं पोट दुखतं का अधूनमधून? सहज विचारतेय.

वाटी तेवढी पाठव.

ताई

११ मार्च

चिमणे,

वाटी आली नाही.

दुसरंही एक कारण आहे. तिच्यावर बाळाचं नाव कोरायचं राहिलं. नाव काय ठेवलंत तेही मला माहीत नाही, मावशीला विचारलं तर ती छताकडे बघते. तू वाटी पाठव आणि आत चिठ्ठीवर नाव लिही, मी कोरून देते. तोवर साध्या काचेच्या वाटीत भरव. तू काचेच्या वाटीतच मोठी झालीस, तुझं काय वाईट झालं?

बाळ आता पाच महिन्यांचं. अजून वरचं अन्न सुरू केलं नसशील. हल्ली डॉक्टर सहा महिने थांबा म्हणतात ना? थांब. घाई करू नकोस.

इथे मी जुन्या वाट्या गोळा करतेय. गल्लीत आपल्या तळाच्या वाट्या गेल्या आहेत, शेजारधर्म म्हणून बाबांनी दिल्या, मीही दिल्या. मोजल्या तर अकरा भरल्या. "जुनी द्या, चकचकीत पोलादाची घ्या," असं सांगत दारोदार फिरले. नऊ मिळाल्या. दोघींनी हसून दार लावलं, म्हणे नातवाची आठवण आहे, देत नाही. जास्त विचारता येत नाही. चक्रवाले साहेबांनी बजावलं आहे, "घरच्या वाट्या आमच्या कागदात येत नाहीत. त्यांचा विषय काढलात तर सगळ्या गल्लीचं काम थांबेल, पाळणाघरही थांबेल. विचार करा." मी विचारच करतेय. दुसरं काही सुचत नाही.

त्या नऊ वाट्या फळीवर उपड्या ठेवल्या आहेत. भोळा येता-जाता विचारतो, "ताई, या का नाही वितळवायच्या?" मी म्हणते, "नाहीत वितळवायच्या." "का?" "मी सांगते म्हणून." तो घासायला बसतो. पण ते त्याच्या पोटात राहत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतो. आपल्याकडे काही फुकट जात नाही, हे एकच वाक्य बाबांनी त्याला पढवलं आणि तेवढंच त्याच्या डोक्यात पक्कं बसलं.

मी तुला त्या दिवशी बोलले ते चुकलं. एवढंच आज लिहिते. चुकलं.

ताई

३० मार्च

चिमणे,

तडा नाही. साच्यात हवा नव्हती. नाव कोरायचा विचारही माझ्या मनात नव्हता. मी तुला दोनदा खोटं लिहिलं. आता खरं लिहिते. शेवटपर्यंत वाच, मग हवं ते म्हण मला.

तपासनीस बाई आली ती केस वाळवायच्या यंत्रासारखं काहीतरी घेऊन आली. ते भांड्याला टेकवायचं, की आत कोणता धातू किती ते आकड्यात येतं. विक्रीची भांडी तपासली. शिसं थोडं जास्त निघालं. म्हणाली, "रीमवरचे तुकडे काढत चला, म्हणजे आटोक्यात येईल." मी मान डोलावली. जीव भांड्यात पडला होता माझा.

तेवढ्यात भोळा आपली वाटी घेऊन आला. पाहुण्यांना काही दाखवायचं म्हणजे त्याच्याकडे तेवढंच असतं. "हिलापण लावा," म्हणाला. बाई हसली आणि लावलं. मग तिचं हसू गेलं. तिने यंत्राचं तोंड पुसलं, पुन्हा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. विक्रीच्या भांड्याहून आकडा कितीतरी पट होता. मला म्हणाली, "ही कशातून केली?" मी म्हटलं, "त्याच मुशीतून, तळाची." ती खाली बसली आणि मला विचारलं, "पाण्यात दगड टाकला तर कुठे जातो?"

शिसं जड असतं, चिमणे. वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये ते मिसळत नाही, हळूहळू बुडाशी जाऊन बसतं. आपण दिवसभर वरचं ओतायचो ते गिऱ्हाइकाला, आणि सगळं विष जिथे साचतं तो तळ उचलून आपल्या पोरांना द्यायचो. प्रेमाने द्यायचो. दुसऱ्याला देत नव्हतो, आपल्याला ठेवत होतो! बाबांना कळलं असतं तर त्यांनी हात तोडून घेतला असता.

बाईने भोळ्याला विचारलं, "तुम्ही किती वर्षं यात जेवता?"

"जन्मापासून," तो छाती काढून म्हणाला.

"शाळा किती झाली?"

"दुसरी. तीनदा."

तिने ते वहीत लिहून घेतलं. भोळा आपला हसतोय. मग तिने मला विचारलं, "घरात आणखी भावंडं?" मी म्हटलं, "एक बहीण आहे. ती खूप शिकली. तिला वाटी नव्हती." हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले. मी तिथेच, राखेच्या ढिगाजवळ बसले.

लहान मुलाच्या पोटात शिसं गेलं की ते मेंदूला धरतं. बोलणं उशिरा येतं, कधी नीट येतच नाही. मूल एका जागी ठरत नाही, चिडतं, पोट धरून रडतं. आंबट काही त्यात ठेवलं की आणखी उतरतं. हे बाईने सांगितलं. ती सांगत होती आणि मला तुझा थोरला दिसत होता, चार वर्षांचा, त्या वाटीवर चमचा आपटणारा, तोंडात "आई" सोडून शब्द नसलेला. त्याला उचलून तू माहेरी आली होतीस. थकून आली होतीस ग तू. आणि मी अंगणात सगळ्या गल्लीसमोर तुला म्हटलं, "शिकलेली म्हणून मिरवतेस, पण पोराशी दोन शब्द बोलायला वेळ नाही. मूल नुसतं जन्माला घालून होत नाही, वाढवावं लागतं." जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या जिभेला काटे होते त्या दिवशी. पोराला घेतलंस, त्याची वाटी पिशवीत टाकलीस आणि निघालीस. मी ओरडून सांगितलं, "वाटी घेऊन जातेस ना, मग घरच्यांचं ऐकायलाही शीक!"

वाटी मी दिली होती. मुकं मीच केलं होतं त्याला, आणि दोष तुझ्या पदरात बांधला.

हे मला चोवीस फेब्रुवारीला माहीत होतं. त्याच दिवशी मावशीला फोन करून "चिमणीला आत्ता सांग," असं म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. मावशीला कळलं की सगळ्यांना कळणार, ही पहिली भीती. तू कधीच माफ करणार नाहीस, ही दुसरी. आणि चक्रवाल्यांचं छप्पर, पंखा, पाळणाघर, फळ्यावर नाव लिहिणारी ती पोर. मी स्वतःला सांगत होते, सहा महिन्यांपर्यंत बाळ दुधावरच आहे, अजून वेळ आहे. खोटं बोलून वाटी मागवू, गुपचूप मोडू, कोणाचंच काही बिघडणार नाही. करायला गेले एक, आणि झालं दुसरंच.

गेल्या मंगळवारी बाजारातून आले तर फळी रिकामी. भोळ्याने नऊच्या नऊ वाट्या सकाळच्या मुशीत घातल्या होत्या. मला आवडेल असं वाटलं त्याला. "ताई, तू विसरली होतीस. फुकट जाणार होत्या," म्हणाला. त्या धातूची साठ भांडी ओतून झाली होती, शिक्का मारून ट्रकमध्ये चढली होती, ट्रक गेला होता. साठ घरं, चिमणे! मी त्याच्यावर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. तो डोकं झाकून खाली बसला आणि विचारत राहिला, "काय चुकलं? ताई, काय चुकलं माझं?" त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याला खरं कारण सांगितलंच नव्हतं.

मग मी तपासनीस बाईला फोन केला आणि सगळं सांगितलं. ट्रक वाटेत अडवला. भांडी परत आली, पुन्हा मोजली, साठ भरली. गल्लीतही घरोघर जाऊन सांगितलं, त्या दोन वाट्या हातात घेऊन आले. एका बाईने माझ्या पायाशी थुंकलं. तिचा नातू पाळणाघरात सगळ्यात मागे राहतो. चक्रवाल्यांनी काम थांबवलं आणि पाळणाघराला कुलूप लागलं. ज्या पोरीने माझं नाव लिहिलं होतं ती आता पुन्हा ढिगावर बसून तारा सोलते, मला बघून तोंड फिरवते. मुलांचं रक्त तपासायला मात्र बाई स्वतःहून येते आहे, तेवढं बरं.

परक्यांना सांगणं सोपं गेलं. तुला सांगायला महिना लागला.

काय करायचं ते ऐक. दोन्ही वाट्या आजच्या आज बंद कर. दोन्ही मुलांचं रक्त शिशासाठी तपासून घे, डॉक्टरला हे पत्र दाखव. बाई म्हणते, गेलेलं सगळं परत येत नाही, पण पुढचं थांबतं, आणि लहान वयात थांबवलं तर मूल पुष्कळ सावरतं. थोरल्याला रागावू नकोस कधी. आणि स्वतःला दोष देऊ नकोस. तू त्याच्याशी बोलत होतीस. मला माहीत आहे तू बोलत होतीस.

उद्या हे मावशीकडे देते.

ताई

२ एप्रिल

चिमणे,

तीस तारखेचं पत्र अजून माझ्याच पिशवीत आहे. रोज मावशीच्या घरापर्यंत जात होते आणि कोपऱ्यावरून परत फिरत होते. आज फिरले नसते असं म्हणायची माझी लायकी नाही.

आज सकाळी तुझं पार्सल आलं. मावशीमार्फत नाही, थेट. मागे तुझा पत्ता. भोळ्याने फोडलं. आत थोरल्याची वाटी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. मी ती उजेडात धरली. आतून तळ इतका झिजला आहे की चमच्याच्या रेघा एकावर एक बसल्या आहेत. रोजच्या रोज, घासून-पुसून जेवला आहे तो त्यात. एवढी नीट वापरलेली वाटी मी दुसरी पाहिली नाही.

आणि तुझी चिठ्ठी. ती इथे उतरवून ठेवते, कारण आजनंतर तू ती परत मागशील.

"ताई, तुझी सगळी पत्रं पोचली. पहिलं वाचून खूप रडले, पण राग जात नव्हता म्हणून उत्तर दिलं नाही. मग तुझं ते तड्याचं पत्र आलं. मी वाटी उजेडात धरून बघितली, पाणी भरून बघितली, तडा कुठेच नाही. मग नावाचं पत्र. तेव्हा मात्र हसू आलं. ताई, तुला वाटी नकोय, मी हवी आहे. सरळ 'ये' म्हणायला तुला जड जातं, सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही तुझा! तू 'चुकलं' लिहिलंस ना, मला तेवढं पुरे. रविवारी बाळाला पहिला घास भरवला, तुझ्याच वाटीत. तिला ती इतकी आवडली की दुसऱ्या भांड्यातलं तोंडात घेत नाही, संत्र्याचा रससुद्धा त्यातूनच लागतो. थोरल्याची वाटी पाठवते. आपल्याकडे काही फुकट जात नाही ना? ती वितळवून तिच्यात भर घाल आणि बाळासाठी ताटली कर, तळाची. थोरला तुझी आठवण काढतो. आता चार-पाच शब्द जोडून बोलतो, त्यात एक 'मावशी' आहे, म्हणजे तू. खाली माझा नंबर आहे. फोन कर. मी वाट बघते. तुझी चिमणी."

रविवार म्हणजे एकोणतीस तारीख. ज्या दिवशी मी तुला खरं लिहायला बसले त्याच्या आदल्या दिवशी बाळाने पहिला घास घेतला. एक दिवस, चिमणे. आणि मग पत्र पिशवीत ठेवून मी आणखी तीन दिवस घालवले. संत्र्याचा रस.

माझ्या खोट्यातून तुला माया वाचता आली. ती होतीच ग, ती खोटी नव्हती. पण मी तेव्हाच खरं लिहिलं असतं तर तू मला शिव्या दिल्या असत्यास आणि वाटी फेकली असतीस. आत्ता तू मला माफ केलंस आणि वाटी बाळाच्या तोंडाला लावलीस. मी तीन वर्षं हीच चिठ्ठी मागत होते देवाजवळ.

खोटं बोलणार नाही, एक क्षण मनात आलं. काही न सांगता, "ताटली करते, वाटीही धाड" असं लिहावं. माझं पत्र तिकडे जाऊन पार्सल यायला आठवडा लागला असता. मी आठवड्याचे घास मोजायला लागले, दिवसाला दोन, दिवसाला तीन. मग भोळ्याकडे बघितलं. तो तुझ्या पार्सलचा कागद घडी घालत होता, कागदसुद्धा फुकट घालवत नाही तो.

थोरल्याची वाटी मी वितळवणार नाही. ती कुठे ठेवायची तेही मला कळत नाही. पुरली तर पाण्यात उतरेल, विकली तर फिरून कोणाच्या तरी घरी जाईल. पन्नास वर्षं या घराने काही टाकलं नाही, त्यामुळे टाकायचं कसं ते आम्हाला येतच नाही. बाई म्हणते, मी घेऊन जाते, बंद करून ठेवायची जागा आहे. अकरांतल्या त्या दोन, भोळ्याची एक, माझी एक, थोरल्याची एक, आणि ती साठ भांडी. तुझ्याकडची तेवढी बाकी आहे.

हे पत्र आणि तीस तारखेचं, दोन्ही आज कुरियरने पाठवतेय. डॉक्टरला दाखवायचं सगळं त्यात आहे. फोनवर मी एवढं बोलेपर्यंत तू ऐकून घेशील असं मला वाटत नाही.

भोळा शेजारी बसला आहे. नंबर त्याने वाचून दाखवला, एकेक आकडा बोट ठेवून, न चुकता. खुशीत आहे तो. चिमणीशी बोलायचं म्हणून त्याने केस विंचरले आहेत. त्याला मी बाहेर पाठवणार आहे.

आता दुपार झाली, तुझ्याकडे बाळाची जेवायची वेळ असेल. फोन लावते. तू उचलशील आणि पहिला शब्द "ताई" म्हणशील. तो एकदा ऐकून घेते. मग सांगते.